त्रेसष्टावं झाकण

प्रिय ईशान आणि सई,

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना मी पोह्यांचा डबा खाली काढला आणि सईनं विचारलं, की आजी, तुझ्या सगळ्या डब्यांची झाकणं वेगवेगळ्या हिरव्या रंगांची का आहेत आणि प्रत्येकावर नंबर का आहे. मी तेव्हा "एक गाडी रंगवायची होती" एवढं म्हणून विषय बदलला. एक तर उत्तर लांबलचक आहे. दुसरं असं, की ते पूर्ण सांगण्याची मोकळीक मला गेल्या वर्षापर्यंत नव्हती. ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं त्या आता नाहीत, आणि ज्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं ते परवा स्वतःच म्हणाले, "नातवंडास्नी लिवा की वहिनी. तिकडं परदेशात कुणाला सांगणार हाइत ती?" म्हणून लिहिते. सावकाश वाचा.

रंग निवडायला सगळ्यांत जास्त वेळ घेणारा माणूस जगात कुठे असेल तर तो आपल्या कोल्हापुरातच आहे, आणि तो तुमच्या आजोबांचा मामेभाऊ आहे; मी त्यांना भाऊजी म्हणते. लोक जेवढ्या काळात मुलगी बघतात, लग्न करतात, घर बांधतात आणि त्या घराला दुसऱ्यांदा रंगही देतात, तेवढा काळ या गृहस्थांनी मोटारीच्या आरशाच्या दांडीला कुठला स्प्रे मारावा यावर विचार केला. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत त्यांच्या शेजाऱ्यांनी तीन गाड्या बदलल्या. यांची एकच गाडी, तीसुद्धा राखाडी प्रायमर फासलेल्या अवस्थेत अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. रस्त्यानं जाणारा एखादा नवखा माणूस फाटकाशी थांबून विचारायचा, "पावणं, मिल्ट्रीची हाय काय?" आणि भाऊजी शांतपणे सांगायचे, "न्हाय, आजारी हाय."

भाऊजींनी चाळीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काढली. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात त्या खात्याचे ते सुपरवायझर होते. तिथं एकदा ओतलं की चूक दुरुस्त होत नाही, त्यामुळे ओतण्याआधी दहा वेळा बघायची सवय त्यांच्या हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, हे गाडीला लागले. गाडी त्यांच्या वडिलांची, म्हणजे तुमच्या आजोबांच्या मामांची. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. आप्पांची गुळाची अडत होती, आणि गुळाला चांगला भाव आला त्या वर्षी त्यांनी ही विलायती गाडी घेतली होती. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, पुढून बघितलं तर नुकतंच जेवून उठल्यासारखी दिसणारी. ती बनवणारी कंपनी आता जगात नाही.

गाडीचं इंजिन, चाकं, गाद्या हे सगळं भाऊजींनी दोन वर्षांत उभं केलं. अडलं ते रंगावर. आणि रंगाचा त्यांचा नियम असा, की आधी लहान भाग, मग अंग. आरशाची दांडी, वायपरचे दांडे, डॅशबोर्डवरची बटणं, हॉर्नची वाटी, चाकांच्या कड्या, एअर फिल्टरचं टोपण, असे एकूण सत्तावीस भाग त्यांनी घरी स्वतःच्या हातानं स्प्रेनं रंगवायचं ठरवलं होतं. ते मनासारखे झाले, की तीच छटा घेऊन शिरोलीचा पेंटर बाकीची गाडी रंगवणार. "ज्याला आरशाची दांडी जमत न्हाय, त्यानं बॉनेटला हात लावू न्हये," असं ते म्हणायचे. पेंटर बिचारा दर दिवाळीला फोन करून विचारायचा, की काका, जमली काय दांडी?

स्प्रेच्या डब्याशी भाऊजींचं वागणं बाळंतिणीशी वागावं तसं. डबा हलवायचा तो घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं, एक सेकंद कमी नाही. आतली गोळी खुळखुळत असायची आणि आमच्या गल्लीतल्या लहान पोरांच्या आया म्हणायच्या, खुळखुळा आणायची गरजच नाही. थंडीत डबा गार पडला तर रंग सारखा उडत नाही, थुंकल्यासारखा उडतो, म्हणून ते सकाळपासून डबा स्वेटरच्या आत, काखेत धरून बसायचे. तुमच्या बाबांच्या एका आत्येबहिणीच्या साखरपुड्याला ते असेच आले होते. ओटी भरण्याच्या वेळी ते नमस्काराला वाकले आणि स्वेटरमधून 'खुळुक' असा आवाज आला. मुलाकडच्यांनी चौकशी केली, की काकांना काही ऑपरेशन वगैरे झालंय का.

रंग मारायचा तो दिवाळी ते होळी एवढ्याच दिवसांत, कारण पावसाळी हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. तीही वेळ सकाळी दहा ते साडेअकराची. वारा आहे की नाही हे बघायला ते आधी उदबत्ती लावून गाडीभोवती फिरायचे. धूर सरळ वर गेला तरच काम. हे बघून समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबानं चार दिवसांनी नैवेद्याची वाटी आणून दिली. त्यांना वाटलं, यांच्याकडे रोज सकाळी गाडीची पूजा असते. भाऊजींनी वाटी ठेवून घेतली, शिरा चांगला होता. रंगवलेले भाग तारेचे आकडे करून कपड्यांच्या दोरीवर टांगलेले असायचे. माझ्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्यात कपडे खाटंवर वाळत्यात, दोरीवर गाडी वाळती."

लक्ष्मीपुरीतला रंगाचा दुकानदार तर त्यांना लांबून बघून शटर अर्धं खाली घ्यायचा. कारण भाऊजी डब्याच्या टोपणाचा रंग बघून कधीच डबा घेत नसत. "टोपणावर इस्वास ठिवू नगा वहिनी. टोपण म्हंजे लग्नाचा फोटो," हे त्यांचं मत. ते स्वतःचं पत्र्याचं झाकण बरोबर घेऊन जायचे आणि त्याच्यावर मारून दाखव म्हणायचे. पुठ्ठ्यावर चालायचं नाही, पुठ्ठा रंग पितो. एकदा झाकण विसरले तर त्यांनी दुकानातल्या तराजूच्या पारड्यावरच मारून बघितला. दुकानदारानं विचारलं, "काका, अंगाला लावून बघता का एकदा?" भाऊजींनी मनगट उलटं करून दोन क्षण खरोखर विचार केला आणि म्हणाले, "नगं. कातडीचा रंग मधी येतोय." पुढे तोच दुकानदार त्यांच्यासाठी रंग थेंब थेंब मिसळून नवीन छटा डब्यात भरून द्यायला लागला. अशा माणसाचा राग फार दिवस टिकत नाही.

आता झाकणांकडे येते. इंजिनाजवळच्या भागांना उष्णता लागते, तेलाची वाफ लागते. तिथं साधा रंग पिवळा पडतो किंवा पापुद्रे सुटतात. हे तपासायचं कसं? एके दिवशी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात आले, शेगडीच्या वरच्या फळीकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, इंजिनाची ऊब आनि तेलाची वाफ तुमच्या फोडणीबिगर दुसरीकडं कुठं मिळायची?" त्या दिवसापासून माझ्या डब्यांची झाकणं एकेक करून जायला लागली आणि वरून रंगून परत यायला लागली. मी झाकणं आतून रंगवू देणार नाही आणि प्रत्येकावर नंबर असेल, अशा दोन अटी घातल्या. त्यांनी दोन्ही मानल्या, वर मलाच वही दिली. कुठल्या नंबरला कुठला डबा, खाली प्रायमर राखाडी की तांबडा, किती हात, कुठल्या महिन्यात, किती फोडण्या झाल्या, हे सगळं मी लिहीत असे. डब्यांवरची इंग्रजी नावं वाचून त्यांचा अर्थ सांगणं हेही माझंच काम होतं. 'मिस्ट ग्रीन' म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी 'धुक्यासारखा हिरवा' म्हणाले. त्यांनी मला बजावलं, की धुकं हिरवं नसतं आणि मी निदान वहीत तरी खोटं लिहू नये.

एका वर्षी त्यांनी घाई केली. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली घाई असावी. एक रंग पुरता वाळायच्या आत त्यावर दुसऱ्या जातीचा रंग मारला आणि डॅशबोर्डची बाराच्या बारा बटणं दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली. दुसरा कुणी असता तर त्यानं ती गुपचूप घासून टाकली असती. भाऊजींनी आम्हाला सगळ्यांना निरोप धाडून बघायला बोलावलं. आम्ही दवाखान्यात जावं तसे गेलो, बटणांभोवती उभे राहिलो, कुणीतरी "कसं झालं हे?" असंही विचारलं. जाऊबाईंनी चहा दिला. भाऊजी एकेक बटण हातात घेऊन दाखवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि कुतूहल जास्त होतं.

पण इतका घोळ एका हिरव्या रंगासाठी का, हे तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं, तिसऱ्या की चौथ्या वर्षी. तेव्हा ते बराच वेळ सँडपेपर चालवत राहिले आणि मग त्यांनी सांगितलं. तेवीस वर्षांचे असताना, आप्पा तिरुपतीला गेलेले बघून, त्यांनी मित्रांच्या नादानं गाडी टोमॅटोसारखी लाल करून घेतली होती. तीही नीट, मूळ रंग सगळीकडून खरवडून, पत्रा उघडा पाडून, कारण अर्धवट काम त्यांना तेव्हाही चालत नसे. आप्पा परत आले. गाडीकडे बघितलं. "बरी हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मार्केट यार्डात चालत जायला लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं घरात सांगायचे. कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. त्यानंतर तेरा वर्षं आप्पा जगले आणि त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. रागावले नाहीत, बोलले नाहीत. "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," भाऊजी म्हणाले. पुढे म्हणाले, "आता त्यांचा रंग त्यांना परत द्यायचा हाय. दुसरं काय न्हाय."

आणि पंचाईत अशी, की तो रंग कुठलाच शिल्लक नव्हता. फोटो होते ते काळे-पांढरे. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या दूरदूरच्या लोकांना मी इंग्रजीत पत्रं पाठवली, तर उत्तर आलं, की त्या साली कंपनीनं या गाडीचे पाच रंग काढले होते, त्यांतले तीन हिरव्या-निळ्याच्या आसपासचे. नातेवाईकांत कुणी हिरवा म्हणे, कुणी निळा. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा गाडी लाल झालेली होती. तुम्ही स्वतः तर रोज बघत होता, असं मी भाऊजींना म्हणाले, तर ते म्हणाले, "मी तो कधी बघितलाच न्हाय वहिनी. रोज समोर हुता."

साक्षीदार एकच उरली होती, ती म्हणजे अक्का. भाऊजींची थोरली बहीण. लग्नाआधी रोज सकाळी ओल्या फडक्यानं गाडी पुसायचं काम त्यांचं होतं. पहिलं झाकण दाखवलं तेव्हा अक्का सत्तरीच्या पुढे होत्या, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालेलं, सुईत दोरा स्वतः ओवायच्या. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या अलीकडे त्यांचं घर, मागे ऊस, पुढे दोन म्हशी. नवीन झाकण तयार झालं, की येणाऱ्या गुरुवारी भाऊजी स्कूटरवरून ते पावाच्या पिशवीत घालून तिकडे जायचे आणि मी वही घेऊन मागे बसायची. कारखान्याचा हंगाम चालू असला, की धुराड्यातून उडालेली काजळी पोचेपर्यंत झाकणावर बसायची. अक्का ती आधी पदरानं पुसायच्या, झाकण उन्हात धरायच्या, मान एका बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "न्हाय बाळ. ह्यो न्हवं."

नकार देण्यात अक्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका झाकणाला त्या म्हणाल्या, ह्यो दवाखान्याच्या भिंतीचा हाय. एकाला म्हणाल्या, ह्यो रंग कच्च्या केळ्याचा, आप्पा गूळ विकायचे, केळी न्हाय. बाविसाव्या झाकणाकडे बघून त्यांनी फक्त म्हशीकडे बघितलं. डब्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायची, त्यावर त्या म्हणायच्या, "मास्तरीण, तुझी वही राहू दे. आमच्या येळेला रंगाला नाव नव्हतं, रंग हुता." मग रंग कसा होता ते सांगा, असं भाऊजी काकुळतीला येऊन विचारायचे. अक्का डोळे मिटायच्या. कधी म्हणायच्या मोरपंखी, पण म्हातारा मोर. कधी म्हणायच्या, पहाटेचं उसाचं रान लांबनं दिसतं तसा. एकदा म्हणाल्या, डोळ्याला गार लागायचा. भाऊजींनी मला ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत जाऊन दुकानदाराला सांगितलं, की डोळ्याला गार लागेल असा दे.

अशी बासष्ट झाकणं झाली. मध्ये तुमचे आजोबा गेले. भाऊजी तेराव्यानंतरच्या गुरुवारी स्कूटर घेऊन दारात आले आणि आत येऊन फळीवरची वही माझ्या हातात दिली. मी मागे बसले. त्या दिवशी मला ते फार बरं वाटलं, एवढंच सांगते.

मग अक्का पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्या दोन महिने खाटेवर होत्या. पुन्हा एकदा भाऊजींच्या हाताला घाई दिसायला लागली. डबा मात्र दोन मिनिटंच हलवायचे. त्रेसष्टावं झाकण माझ्या तिखटाच्या डब्याचं होतं. अक्कांना बाहेर आणता येत नव्हतं, म्हणून भाऊजींनी खिडकीचं दार काढून बाजूला ठेवलं, अक्षरशः बिजागरीतून, म्हणजे ऊन सरळ खाटेवर पडेल. अक्कांनी झाकण हातात घेतलं. पदरानं पुसलं. आम्ही 'न्हाय' ऐकायला सवयीनं तयार बसलो होतो, माझं पेन तर 'ना' लिहायला टेकलेलंसुद्धा होतं. अक्कांनी मान एका बाजूला केली.

"ह्योच की," अक्का म्हणाल्या. "इतकी वर्सं कुठं ठेवलंतास?"

भाऊजी उठले आणि हात धुऊन येतो म्हणाले. हात कशानंच भरलेले नव्हते. त्यांना परत यायला खूप वेळ लागला आणि तोवर अक्का झाकण उताणं-पालथं करत मला सांगत होत्या, की बरी झाले की ह्याच गाडीतून नृसिंहवाडीला जायचं. आप्पा दर पौर्णिमेला न्यायचे, तसंच. आणि पुढच्या सीटवर बसायचं. आप्पांच्या वेळेला पोरींना पुढे बसायला मिळायचं नाही.

मग जे अकरा वर्षांत झालं नव्हतं ते तीन महिन्यांत झालं. सत्तावीस भाग दोरीवर वाळले. शिरोलीच्या पेंटरला फोन गेला तेव्हा त्याला आधी खरं वाटेना. गाडी रंगून आली, सगळी गल्ली बघायला जमली आणि मी कबूल केलं पाहिजे, की फार सुंदर दिसत होती. गडद नाही, फिकट नाही, हिरव्यात थोडं पोपटी ऊन मिसळल्यासारखा रंग. अक्का काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. वाडीला जायची पौर्णिमा ठरली.

चार दिवस उरले होते. डॅशबोर्डवरचं घड्याळ तेवढं बसवायचं राहिलं होतं. ते कधीचं बंद होतं. लाल रंग देताना ते तसंच ठेवलं होतं, आणि पुढे भाऊजींनीही त्याला हात लावला नव्हता. घड्याळ हे आपलं काम नव्हे म्हणून ते ज्यावर बसतं त्या मागच्या पत्र्याच्या पट्टीसकट फडक्यात बांधून कपाटात ठेवलं होतं. घड्याळजीनं ते चालू केलं आणि पट्टी सुटी करून दोन्ही वस्तू परत दिल्या. मी वहीत शेवटच्या नोंदी करायला गेले होते. भाऊजींनी पट्टी उलटी केली आणि माझ्यापुढे धरली.

पट्टीची पाठ इतकी वर्षं घड्याळाला चिकटलेली होती. तिथं लाल रंग कधी पोचलाच नव्हता. तिथं कंपनीनं दिलेला रंग होता, स्वच्छ, काल लावल्यासारखा. तो हिरवा नव्हता. राखाडी म्हणावा असा निळा, हिरव्याची नुसती शंका असलेला. मी शेजारी त्रेसष्टावं झाकण ठेवलं. वेगळेपणा आंधळ्यालाही कळला असता.

"वहिनी, वहीत ह्याच्या जवळ जाणारं काय हाय?" त्यांनी विचारलं. मी पानं उलटली. सतरा नंबर. अक्कांनी नाकारलेला, आठ वर्षांपूर्वी. दवाखान्याच्या भिंतीचा.

मी शिक्षिका होते, मला चुका लाल शाईनं दाखवायची सवय आहे. तरी मी वही मिटली. भाऊजी पट्टी उन्हात नेऊन बघत होते. हा माणूस एका छटेसाठी अकरा वर्षं थांबला होता, तो गाडी पुन्हा खरवडायला काढील आणि पौर्णिमा काय, पुढची चार वर्षं जातील, असं मला वाटलं. अक्कांकडे चार वर्षं नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी मी विचारलं, की आता काय करायचं.

ते म्हणाले, "आप्पा आता बघायला न्हाइत वहिनी. अक्का हाय."

मग त्यांनी त्रेसष्ट नंबरचा डबा घेतला, घड्याळ लावलं आणि पूर्ण दोन मिनिटं हलवला. एरवी ते कुठलाही भाग पत्रा उघडा पडेपर्यंत घासून काढत. ती पट्टी त्यांनी घासली नाही. नुसती कोरड्या फडक्यानं पुसली आणि तशीच दोरीला टांगून तिच्यावर तीन हलके हात मारले. जाऊबाई स्वयंपाकघरातून विचारत होत्या, की आता आणि काय राहिलं, आणि ते म्हणाले, "काय न्हाय, संपलं." मला म्हणाले, की हे वहीत नको, आणि अक्कांच्या कानावर तर नकोच. त्या वहीत तेवढी एकच नोंद नाही.

पौर्णिमेला आम्ही चौघं वाडीला गेलो. अक्का पुढे, मी आणि जाऊबाई मागे, पायाशी इंजिनासाठी पाण्याचे दोन कॅन. शिरोलीच्या फाट्यावर फाउंड्रीची जुनी माणसं मुद्दाम रस्त्यावर येऊन उभी होती, त्यांनी हात केले. अक्का रस्ताभर बोलत होत्या. ह्या वळणावर आप्पा हॉर्न वाजवायचे, हितं उसाचा रस प्यायला थांबायचो, तो आंबा तोडला काय रे. भाऊजी सांगतील तिथं हॉर्न वाजवत होते. जयसिंगपूर सोडल्यावर त्या डॅशबोर्डवरून हात फिरवत म्हणाल्या, "आई हितंच बसायची, माझ्या जागंवर. ह्याच रंगाचं इरकली लुगडं नेसून. गाडी आनि आई एकच दिसायची."

आरशात भाऊजींची आणि माझी नजरानजर झाली. अक्कांनी ओळखला होता तो लुगड्याचा रंग. जाऊबाईंनी शेंगा पुढे केल्या. वाडीला दर्शन झालं, अक्कांनी पायरीवर बसून बासुंदी खाल्ली आणि परत येताना त्या पुढच्या सीटवर मान टेकून झोपल्या.

त्यानंतर दोन पौर्णिमा त्या गाडीतून गेल्या, आणि मग अक्काच गेल्या. ते तुम्हाला तुमच्या बाबांनी कळवलंच होतं. भाऊजी आता गाडी फार लांब नेत नाहीत, त्यांना दुपारच्या उन्हाचा त्रास होतो. रंगाबद्दल कुणी विचारलं, की हा ओरिजनल काय, तर ते "आमच्या घरचा हाय" एवढंच सांगतात. मागच्या महिन्यात मी त्यांना विचारलं, की एकदा तरी ती पट्टी घासून खालचा रंग बघावासा वाटतो का. ते नाही म्हणाले. बघायचा तेवढा बघितला, म्हणाले.

गाडी रविवारी सकाळी चालू होते. घड्याळ चार मिनिटं मागे असतं, पण चालतं. त्याच्या मागच्या पट्टीवर दोन रंग आहेत, खाली आप्पांचा आणि वर अक्कांचा, आणि दोन्हींपैकी एकाचाही अजून टवका उडालेला नाही.

तुमची,
आजी